आईला चागास रोगाचा संसर्ग असेल तर बाळाला किती धोका असतो, आणि बाळ निरोगी दिसत असले तरी तपासणी कशासाठी?

सह्याद्रीकन्या (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून सध्या बार्सिलोनात राहते. माझ्या कार्यालयातील एक मैत्रीण बोलिव्हियातील कोचाबांबा भागातून इथे आलेली आहे आणि तिला सातवा महिना चालू आहे. चागास हा लॅटिन अमेरिकेतला, रक्त पिणाऱ्या किड्यांमार्फत पसरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर स्त्रियांचे रक्त त्यासाठी तपासण्याचा कार्यक्रम कातालोनियात (स्पेनमधील बार्सिलोनाच्या प्रदेशात) २०१० पासून राबवला जातो. त्यात तिचेही रक्त तपासले गेले आणि वेगवेगळ्या पद्धतींच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. तिला आजवर कसलाच त्रास झालेला नाही. आजोळी कच्च्या विटांचे घर होते, रात्री भिंतींच्या भेगांतून ‘विंचुका’ नावाचे किडे बाहेर पडत आणि मोठी माणसे ते मारत बसत, एवढेच तिला आठवते. तिचा ईसीजी आणि इको दोन्ही व्यवस्थित आहेत.

डॉक्टरांनी तिला सांगितले आहे की गरोदरपणात यावर औषध देता येत नाही, बाळंतपण नेहमीप्रमाणेच होईल, आणि बाळाचे रक्त जन्मल्यावर, साधारण महिन्याचे झाल्यावर आणि पुन्हा नऊ महिन्यांचे झाल्यावर तपासावे लागेल. तिची आई गावाहून फोनवर सांगते की आमच्याकडे निम्म्या बायकांना हा रोग आहे आणि त्यांची मुले धडधाकट आहेत, तेव्हा चांगल्या बाळाला सुया टोचत बसू नका. मैत्रीण या दोहोंच्या मध्ये अडकली आहे आणि रात्री तिला झोप लागत नाही.

मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा रोग आईकडून बाळाकडे नेमका कसा आणि केव्हा जातो? गेला तर नवजात बाळावर काय परिणाम होतात? औषधासाठी बाळंतपणापर्यंत थांबण्यात धोका नाही का? ती बाळाला अंगावर पाजू शकेल का? शिवाय तिला पाच वर्षांची एक मुलगी आहे, तिचा जन्म कोचाबांबातला, आणि तिची कधीही तपासणी झालेली नाही. इथे वैद्यकीय क्षेत्रातील बरेच सभासद आहेत, म्हणून विचारते. तिला स्पॅनिशमधून सांगण्याआधी हे सगळे मला स्वतःला मराठीतून नीट समजायला हवे आहे.

नवजात_विभाग

सह्याद्रीकन्याताई, मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. माझ्या प्रशिक्षणाचा काही काळ अमेरिकेतील टेक्सस राज्यात गेला. तिथे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या माता मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे हा रोग नुसता पुस्तकात वाचून पुढे जाण्यासारखा नव्हता.

तुमच्या मैत्रिणीला सर्वांत आधी हे सांगा की संसर्ग असलेल्या शंभर मातांपैकी साधारण पाच जणींच्या बाळांनाच तो पोहोचतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र मांडून काढलेली सरासरी ४.७ टक्के आहे. प्रदेशानुसार ती बदलते. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पॅराग्वे या पट्ट्यात ती जास्त दिसते, तर ब्राझीलमध्ये एक ते दोन टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे तिचे बाळ संसर्गाविना जन्मण्याची शक्यताच फार मोठी आहे. ही गोष्ट तिला पुरेशा ठामपणे कोणी सांगितली नसावी, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते.

आता उरलेल्या पाच बाळांविषयी. त्यांपैकी बहुतेक जन्मतः अगदी निरोगी दिसतात; ती व्यवस्थित रडतात, दूध ओढतात, वजन धरतात आणि कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला नुसत्या तपासणीवरून शंकाही येत नाही. तिच्या आईने जी धडधाकट मुले पाहिली, त्यांच्यात अशीही काही असू शकतात आणि त्यात आजींच्या निरीक्षणाचा काही दोष नाही. ज्या थोड्या बाळांमध्ये लक्षणे दिसतात ती बरेचदा मुदतीआधी जन्मलेली किंवा कमी वजनाची असतात. त्यांचे यकृत आणि पांथरी वाढलेली असते, कावीळ रेंगाळते, रक्त कमी असते, प्लेटलेट घटल्यामुळे अंगावर बारीक लाल ठिपके उठतात, श्वास घ्यायला त्रास होतो आणि काहींच्या सर्वांगावर सूज असते. याहून गंभीर म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, आणि मेंदू व त्यावरील आवरणांचा दाह. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या संसर्गात झटके येतात आणि ते बाळ दगावू शकते. आईला चागाससोबत एचआयव्हीचाही संसर्ग असेल तर परजीवी बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते आणि बाळाचा आजारही अधिक तीव्र असतो. अशा मातांच्या बाबतीत आम्ही जास्त सावध असतो.

एक दिलासा असा की या परजीवीमुळे बाळाच्या अवयवांच्या घडणीत व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. संसर्ग बहुतांशी गरोदरपणाच्या उत्तरार्धात होतो आणि तोपर्यंत अवयव घडून झालेले असतात.

वर सांगितलेली लक्षणे केवळ चागासची नाहीत. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू आणि गरमी (सिफिलिस) यांच्या जन्मजात संसर्गातही बाळ जवळपास असेच दिसते. आईचा जन्म कुठला, तिचे बालपण कुठे गेले, हे डॉक्टरांनी विचारलेच नाही तर योग्य चाचणी कोणाच्याही मनात येत नाही. अमेरिकेत लाखो संसर्गित लोक राहत असूनही तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने खात्री करून नोंदवलेले जन्मजात चागासचे पहिले बाळ २०१० सालचे आहे. ते व्हर्जिनियात मुदतीआधी जन्मले, आई बोलिव्हियाची होती आणि बाळाच्या अंगात पाणी साठलेले होते. रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसला तेव्हा निदान झाले, आणि औषधाने ते बाळ बरे झाले. त्याआधीच्या वर्षांत अशी किती बाळे निदानाविना घरी गेली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

उपचार न मिळालेले, निरोगी दिसणारे बाळ तसेच मोठे होते आणि परजीवी शरीरात टिकून राहतो. अशा संसर्गित व्यक्तींपैकी साधारण २० ते ३० टक्के जणांना पुढे, बहुधा दोन-तीन दशकांनंतर, हृदयविकार जडतो. त्यात ठोक्यांची लय बिघडते, हृदय मोठे होऊन अशक्त होते, कधी अचानक मृत्यू येतो. काहींची अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगून निकामी होते. नवजात अवस्थेत शांत राहिलेल्या संसर्गाची किंमत त्या माणसाला ऐन तारुण्यात मोजावी लागते.

याच्या अगदी उलट बाजू अशी की पहिल्या वर्षात उपचार झाले तर ९० टक्क्यांहून अधिक बाळे पूर्ण बरी होतात. औषध म्हणजे बेन्झनिडाझोल, किंवा त्याला पर्याय म्हणून निफुर्टिमॉक्स. वजनानुसार मात्रा ठरवून ते साधारण ६० दिवस दिले जाते. मोठ्या माणसांना या औषधांनी अंगावर पुरळ येते, पोट बिघडते, हातापायांत मुंग्या येतात आणि कित्येक जण मध्येच सोडून देतात. तान्ह्या बाळांना मात्र ती आश्चर्य वाटावे इतकी चांगली सोसतात. पूर्वी मोठ्यांची १०० मिलिग्रॅमची गोळी कुटून तिचे तुकडे करावे लागत आणि मात्रा चुकण्याची भीती असे. २०११ साली ब्राझीलमध्ये १२.५ मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी बालकांची गोळी नोंदवली गेली आणि ती अडचण बरीच कमी झाली.

अंगावर पाजण्याविषयी सांगायचे तर जुना, लक्षणरहित संसर्ग असलेल्या आईने बाळाला अवश्य पाजावे. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूने थेट पाजणे थांबवावे, एवढीच काळजी पुरेशी आहे.

सूक्ष्मदर्शी

मी परजीवीशास्त्र शिकवतो. संसर्ग कसा होतो आणि तीनदा तपासणी का करावी लागते, या दोन प्रश्नांपुरते लिहितो, कारण दोन्हींचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे.

रोगाचा कारक ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा एकपेशीय परजीवी. ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यात, लासान्स या गावी रेल्वेच्या कामावर हिवतापाच्या बंदोबस्तासाठी गेलेल्या कार्लोस चागास यांनी १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तो प्रथम पाहिला. किडा, परजीवी आणि रोग या तिन्हींची सांगड त्या एकाच माणसाने घातली. संसर्ग आईच्या पोटातूनच बाळाला होत असावा, ही शंकाही त्यांनी १९११ सालीच नोंदवली होती. मात्र जन्मजात संसर्गाचे निर्विवाद रुग्ण व्हेनेझुएलातून १९४९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे या मार्गाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, कारण सगळे लक्ष किड्यांवर होते.

विंचुका हा ढेकणांच्या दूरच्या नात्यातला, पण आकाराने बराच मोठा, रक्त पिणारा कीटक आहे. तो चावल्याने रोग होत नाही. तो रक्त पिऊन तिथेच विष्ठा टाकतो, त्या विष्ठेत परजीवी असतात, आणि माणूस खाजवतो किंवा तोच हात डोळ्याला लावतो तेव्हा ते शरीरात शिरतात. पहिल्या काही आठवड्यांत रक्तात परजीवी भरपूर असतात. पुढे शरीर त्यांना आवरते आणि ते हृदयाच्या व आतड्यांच्या स्नायूंत दबा धरून राहतात. तरीही रक्तात अधूनमधून थोडे परजीवी फिरतच असतात. आईला जुना, लक्षणरहित संसर्ग असूनही बाळाला धोका असतो तो यामुळे.

रक्तातील हे परजीवी वारेपर्यंत (प्लासेंटापर्यंत) पोहोचतात. वारेचा बाह्य पेशीथर त्यांना बऱ्यापैकी अडवतो, आणि शंभरातील पंच्याण्णव बाळे वाचतात त्याचे मोठे श्रेय त्या थराला द्यावे लागेल. वारेच्या कडेला जिथे हे आवरण विरळ असते तिथून परजीवी आत शिरत असावेत, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. आत गेल्यावर ते वारेच्या ऊतींत वाढतात आणि तिथून गर्भाच्या रक्तात जातात. आईच्या रक्तात परजीवींची संख्या जितकी जास्त, तितका धोका जास्त. म्हणून गरोदरपणातच नव्याने संसर्ग झालेल्या स्त्रीच्या बाळाला धोका अधिक असतो. पहिल्या तिमाहीत वारेत आईचे रक्त मोकळेपणाने खेळत नसल्यामुळे संसर्ग सहसा होत नाही. तो दुसऱ्या तिमाहीत आणि विशेषतः शेवटच्या महिन्यांत होतो. सिझेरियन केल्याने धोका कमी होत नाही, त्यामुळे केवळ या कारणासाठी कोणी ते सुचवले तर तिने स्पष्टीकरण मागावे.

याच कालक्रमामुळे तपासणी अवघड होते. संसर्ग शेवटच्या आठवड्यांत झाला असेल तर जन्माच्या दिवशी बाळाच्या रक्तात परजीवी इतके थोडे असतात की सापडत नाहीत. बारीक काचनळ्यांत रक्त घेऊन, ते यंत्रात फिरवून, पांढऱ्या पेशींच्या थरात हलणारे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे, ही दक्षिण अमेरिकेतील प्रसूतिगृहांतली नेहमीची पद्धत आहे. ती स्वस्त आणि जलद आहे, पण पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून आहे, आणि जन्मावेळी एकदाच केली तर बरीच संसर्गित बाळे तिच्यातून निसटतात. पहिल्या महिन्याच्या सुमारास परजीवींची संख्या वाढून शिगेला पोहोचते, म्हणून त्या वेळी पुन्हा पाहायचे. परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे. मात्र तीही जन्मावेळी पॉझिटिव्ह आली तर बहुधा दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून घेतात, कारण आईकडून आलेले परजीवींचे मृत अवशेषही तिच्यात दिसू शकतात.

मग प्रतिपिंडांची (संसर्गाविरुद्ध शरीर रक्तात तयार करते त्या प्रथिनांची) साधी चाचणी लगेच का करत नाहीत, असा प्रश्न पडेल. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे चागास असलेल्या आईचे प्रत्येक बाळ, संसर्ग असो वा नसो, त्या चाचणीत पॉझिटिव्हच येते. ही उसनी प्रतिपिंडे आठ ते दहा महिन्यांत नाहीशी होतात. त्यानंतरही चाचणी पॉझिटिव्ह राहिली तर ती बाळाची स्वतःची प्रतिपिंडे आहेत, म्हणजे संसर्ग आहे. निगेटिव्ह आली तर बाळ मोकळे. नवव्या महिन्याची तपासणी हा या सगळ्याचा निकाल आहे. पहिल्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या म्हणून ती टाळता येत नाही.

वैनगंगा

उत्तम माहिती. एक शंका आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडल्याचे वाचले होते. तो चागासच होता का? आपल्याकडील गरोदर स्त्रियांनीही ही तपासणी करावी का?

सूक्ष्मदर्शी

तो चागास नव्हता. २००४ सालच्या त्या रुग्णाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी होता, म्हणजे घोडे, उंट आणि गुराढोरांना होणाऱ्या सर्रा रोगाचा परजीवी, जो रक्त पिणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो. माणसाच्या रक्तात एपीओएल१ नावाचे प्रथिन असते आणि ते या परजीवीला मारून टाकते; त्या शेतकऱ्याच्या शरीरात जनुकीय दोषामुळे ते प्रथिन नव्हते, म्हणून परजीवी टिकला. सुरामिन औषधाने तो बरा झाला. घराणे एक असले तरी हे वेगळे परजीवी आहेत आणि त्यांचे मार्गही वेगळे आहेत.

विंचुकाच्या कुळातले कीटक भारतात आहेत. ट्रायाटोमा रुब्रोफॅसिआटा ही जात बंदरांच्या शहरांतून जगभर पसरलेली आहे, आणि लिंशकोस्टियस ही प्रजाती तर फक्त भारतातच आढळते. पण ट्रिपॅनोसोमा क्रूझी आपल्याकडे फिरत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात जन्मून इथेच राहिलेल्या गरोदर स्त्रीला या तपासणीची गरज नाही. जिचे स्वतःचे किंवा जिच्या आईचे आयुष्य लॅटिन अमेरिकेत गेले आहे, अथवा जिला तिथे रक्त दिले गेले आहे, तिने मात्र आपल्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

पाथेय

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे आणि अर्जेंटिनाच्या उत्तरेकडील प्रांतांत काही काळ काम केले आहे. वर वैद्यकीय बाजू नेमकी मांडली गेली आहे, म्हणून मी पाच वर्षांच्या मुलीविषयी आणि स्वतः आईविषयी लिहिते. या दोघी अशा प्रसंगी बहुधा विसरल्या जातात.

ताई, त्या मुलीचे रक्त बाळंतपणाची वाट न पाहता आताच तपासून घ्यायला सांगा. तिच्या बाबतीत आईच्या प्रतिपिंडांचा गोंधळ उरलेला नाही, त्यामुळे वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या दोन रक्तचाचण्यांत उत्तर मिळते. तिला दोन मार्गांनी संसर्ग झालेला असू शकतो. एक गर्भातून आणि दुसरा तिथल्या घरातील किड्यांमुळे. एका आईच्या एका बाळाला संसर्ग झाला असेल तर तिच्या इतर मुलांनाही झालेला असण्याची शक्यता वाढते, म्हणून अर्जेंटिनात आम्ही एक बाळ सापडले की आईची सगळी मुले बोलावत असू, आणि शक्य झाले तर तिची बहीण आणि आईसुद्धा. पाच वर्षांच्या वयातही औषधाचा चांगला उपयोग होतो. वय जसजसे वाढते तसतशी पूर्ण बरे होण्याची शक्यता कमी होत जाते आणि औषधाचा त्रास वाढतो. शिवाय ती मुलगी आहे. आज तिचा संसर्ग तसाच राहिला तर वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळालाही तोच धोका असेल, भले ती पुन्हा कधी बोलिव्हियाला जावो वा न जावो. किडा कधीच न पाहिलेल्या घरात हा रोग दुसऱ्या पिढीकडून तिसऱ्या पिढीकडे गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

आता आईविषयी. गरोदरपणात औषध देत नाहीत, कारण गर्भासाठी ते सुरक्षित असल्याची खात्री नाही. पण बाळंतपणानंतर तिने उपचार घेणे फार महत्त्वाचे आहे. अर्जेंटिनातील एकाहून अधिक अभ्यासांत असे दिसले की ज्या स्त्रियांनी गर्भ राहण्यापूर्वी हा उपचार पूर्ण केला होता त्यांच्या पुढच्या बाळांमध्ये संसर्ग जवळपास आढळलाच नाही. जन्मजात चागास टाळण्याचा याहून खात्रीचा मार्ग माझ्या माहितीत नाही. औषध आईच्या दुधात फार थोडे उतरते असेही तिथल्या एका अभ्यासात दिसले आहे. तरी बरेच डॉक्टर अंगावर पाजणे संपेपर्यंत थांबतात, आणि उपचाराच्या काळात पुन्हा दिवस जाणार नाहीत याची काळजी घ्यायला सांगतात. हा निर्णय तिच्या डॉक्टरांसोबत व्हावा, पण तो व्हावा. हृदयरोग एकदा बळावल्यावर हे औषध फारसे कामी येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार जडलेल्या रुग्णांच्या रक्तातील परजीवी औषधाने कमी झाले, पण हृदयाची घसरण थांबली नाही. तुमच्या मैत्रिणीचा ईसीजी आणि इको आज चांगला आहे, म्हणजे तिच्यासाठी ही योग्य वेळ आहे.

आजींच्या बोलण्याकडे मी हट्टीपणा म्हणून पाहणार नाही. बोलिव्हियाच्या चाको भागातील काही गावांत निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग आहे. तिथे तो असणे हीच नेहमीची गोष्ट असते, आणि ज्याला पुढे हृदयविकार होतो त्याचा संबंध कोणी त्याच्या जन्माशी जोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० सालासाठी केलेल्या अंदाजानुसार लॅटिन अमेरिकेत ११ लाख २५ हजार प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना हा संसर्ग होता आणि त्या एका वर्षात साडेआठ हजारांहून अधिक बाळे तो घेऊन जन्मली. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडील देशांनी १९९१ पासून एकत्र येऊन घरोघर फवारणी केली, उरुग्वे आणि चिली विंचुका किड्यांच्या तिथल्या मुख्य जातीपासून होणाऱ्या संसर्गातून मुक्त झाले, २००६ साली ब्राझीललाही तसे प्रमाणपत्र मिळाले. हे खरोखर मोठे काम होते. पण फवारणी भिंतींपर्यंत पोहोचते, आधीच संसर्ग झालेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आता नव्या संसर्गांत आईकडून बाळाकडे जाणाऱ्यांचा वाटा वाढला आहे.

अर्जेंटिनात २००७ च्या २६.२८१ क्रमांकाच्या कायद्याने गरोदर स्त्रियांची आणि नवजात बालकांची तपासणी बंधनकारक केली. कायदा चांगला आहे, आणि तरीही मी जे पाहिले ते असे की जन्मावेळचा नमुना बहुतेक घेतला जातो, आणि नवव्या महिन्यात बाळ येतच नाही. आई बाळाला घेऊन शेतमजुरीसाठी दुसऱ्या प्रांतात गेलेली असते, किंवा आरोग्य केंद्र बसने अर्ध्या दिवसावर असते, किंवा जन्मावेळचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे सगळे संपले असे तिला कोणीतरी सांगितलेले असते. बाळ हसतेखेळते असते, दात येऊ लागलेले असतात, आणि ज्या चाचणीने सगळे ठरायचे तीच राहून जाते. यात मला आईचा दोष दिसत नाही. तारीख लिहून न देणाऱ्या आणि न आलेल्या बाळाच्या घरी कोणाला न पाठवणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. स्पेनमध्ये अंतरे कमी आणि नोंदी चांगल्या असल्या तरी कामाच्या वेळा, घर बदलणे आणि भाषेची भीती यांमुळे स्थलांतरित मातांच्या बाबतीत तिथेही असेच घडू शकते.

सह्याद्रीकन्या

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिच्या घरी जाऊन मी हे सगळे तिला सांगितले. शंभरातल्या पंच्याण्णव बाळांची गोष्ट तिने मला पुन्हा म्हणायला लावली. मुलीच्या तपासणीसाठी तिने आजच वेळ घेतली आहे.

तिच्या आईशी मी फोनवर बोलले. तीनदा रक्त काढल्याने बाळ अशक्त होईल, ही त्यांची मुख्य भीती आहे. त्यांना काय सांगावे? आणि पहिल्याच तपासणीत संसर्ग आढळला तर औषध लगेच सुरू करतात, की नऊ महिने थांबतात?

नवजात_विभाग

आजींना सांगा की पहिला नमुना बहुधा नाळेतून घेतात, त्यासाठी बाळाला सुई टोचावीच लागत नाही. महिन्याच्या वेळी लागणारे रक्त मिलिलिटरच्या हिशेबातले असते आणि निरोगी बाळाचे शरीर ते सहज भरून काढते. नऊ महिन्यांच्या वेळी बाळाच्या अंगात रक्त पुष्कळ असते, तिथे तर प्रश्नच नाही.

जन्मावेळी किंवा पहिल्या महिन्यात परजीवी प्रत्यक्ष दिसला, अथवा पीसीआरने खात्री झाली, तर थांबायचे कारण नाही. औषध लगेच सुरू करतात, अधूनमधून रक्तपेशी आणि यकृत तपासतात, आणि उपचार संपल्यावर प्रतिपिंडे नाहीशी होईपर्यंत पाठपुरावा करतात. इतक्या लहान वयात उपचार झालेल्या बाळांमध्ये ती बहुधा वर्षभराच्या आत जातात.

प्रसूतिगृहातून घरी निघण्यापूर्वी नवव्या महिन्याच्या तपासणीची तारीख बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून घ्यायला सांगा आणि आईच्या दोन्ही अहवालांच्या प्रती त्याच पुस्तिकेत ठेवायला सांगा. त्या सुमारास ती बाळाला घेऊन कोचाबांबाला जाणार असेल तर तीच चाचणी तिथेही होते. तिथल्या डॉक्टरांना ही पुस्तिका दाखवली की पुरे.